संगणक अडखळतो तेव्हा

“पप्पा, गेम अटकतोय.”

हे वाक्य आमच्या घरात २०२४ च्या जून महिन्यापासून रोज संध्याकाळी ऐकू येऊ लागले. ज्याच्या तोंडून ते येई तो आमचा थोरला त्याच वर्षी बारावीत गेला होता. त्यामुळे आमचे उत्तरही ठरलेले असे. “अटकू दे. पुस्तक अटकत नाही ना? ते उघड.”

आज ते उत्तर आठवले की आम्हांस लाज वाटते. का, ते पुढे येईलच.

आमचे घर मनोरला, मस्तान नाक्यापासून थोडे आत. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरची अवजड वाहने दिवसरात्र धडधडत असतात आणि त्यांची धूळ घरातल्या प्रत्येक वस्तूवर बसते. या घरात संगणक आला २०२१ साली. टाळेबंदीचे दिवस होते, शाळा मोबाईलवर भरत होती, आणि दोन मुलांत मोबाईल एकच! धाकटीचा तास सुरू झाला की थोरल्याचा बुडे. शेवटी उसनवारी करून एक जुना, वापरलेला संगणक आणला. पुढे थोरला दहावी पास झाला तेव्हा नातेवाइकांनी त्याच्या हातावर जे पैसे ठेवले, त्यांतून त्याने वापरलेलेच एक ग्राफिक्स कार्ड घेतले आणि आमच्या अभ्यासाच्या संगणकाचा गेमिंग संगणक झाला. आम्ही नाक मुरडले, पण पैसे त्याचे होते.

त्यानंतर वर्षभर सारे सुरळीत चालले. मग हे अटकणे सुरू झाले. गाडी पळविण्याचा त्याचा आवडता खेळ, ‘जीटीए फाइव्ह’. गाडी भरधाव वळणावर आली की पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थिजे, आवाज ‘टर्रर्र’ करून एकाच सुरावर अडके, आणि क्षणभराने गाडी भिंतीवर आदळलेली दिसे. मुलांच्या भाषेत याला काही जण ‘लॅग’ म्हणतात. पण लॅग हा इंटरनेटचा दोष. हा खेळ इंटरनेट बंद ठेवला तरी अडखळत होता. म्हणजे दुखणे त्या डब्यातच होते.

जुलैत आम्ही तो डबा पोत्यात गुंडाळून जवळच्या शहरातल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने तो उघडलाही नाही. थोरल्याला दोन प्रश्न विचारले आणि निकाल दिला, “कार्ड जुनं झालंय. नवीन टाका. पंधरा हजार धरा. तोवर फॉरमॅट मारून देतो, पाचशे रुपये.” पंधरा हजार म्हणजे थोरल्याच्या क्लासच्या फीचा एक हप्ता. आम्ही ‘विचार करून सांगतो’ म्हणालो आणि डबा तसाच परत आणला. त्या दिवशी खिशात पाचशेची नोट असती तर आम्ही फॉरमॅटला होकार दिला असता. नव्हती, हे आमचे नशीब!

भाच्याची वही

आमचा भाचा बोईसरला राहतो आणि तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात काम करतो. रविवारी जेवायला आला तेव्हा आम्ही कार्डाची गोष्ट काढली. त्याने विचारले, “मामा, रीडिंग घेतलं का?”

“कसलं रीडिंग?”

“कंपनीत मोटर गरम झाली तर आम्ही लगेच मोटर बदलत नाही. आधी अँपिअर बघतो, बेअरिंगला हात लावून बघतो, वहीत लिहितो. मग पार्ट मागवतो. न बघता पार्ट मागवला तर सुपरवायझर पगारातून कापेल.”

मग त्याने थोरल्याकडून शंभर पानी वही मागून घेतली, पहिल्या पानावर तारीख टाकली आणि त्याच दिवशी सुरुवात केली. त्या वहीमुळे आम्हांस जे कळले ते वाचकांसाठी येथे मांडतो. कारण घरोघरी आता असे संगणक आहेत आणि घरोघरी असे दुकानदारही भेटतात.

पहिली गोष्ट ही की, अटकणे म्हणजे काय ते नीट समजले पाहिजे. पडद्यावरचे चित्र हलते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आता समजा, एका सेकंदात ५७ चित्रे प्रत्येकी १४ मिलिसेकंदांत तयार झाली आणि एकच चित्र २०० मिलिसेकंद रखडले. बेरीज झाली ९९८. सेकंदाला ५८ चित्रे! आकडा पाहून कोणीही म्हणेल की संगणक झकास चालला आहे. पण त्या एका रखडलेल्या चित्राने डोळ्याला गचका बसलेला असतो. पालघरहून निघालेली लोकल विरारला वेळेवर पोचली, म्हणून ती मध्ये कुठे सिग्नलला उभीच राहिली नाही असे थोडेच आहे!

हा सरासरीचा घोटाळा भल्याभल्यांच्या लक्षात आला नव्हता. गेमिंग संगणकांच्या चाचण्या करणारे लोक वर्षानुवर्षे सेकंदाला किती चित्रे एवढेच छापत. २०११ च्या सप्टेंबरमध्ये ‘द टेक रिपोर्ट’ या अमेरिकन प्रकाशनात स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून एकेका चित्राला लागलेला वेळ मोजून दाखविला, आणि पुढे हीच पद्धत सगळीकडे रूढ झाली. आमच्या भाच्याने ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकून हाच वेळ आलेखाच्या रूपात पडद्याच्या कोपऱ्यात आणला. सपाट रेषा म्हणजे ठीक. रेषेतून सुळका वर गेला म्हणजे गचका. आमच्या आलेखात दर पाचदहा सेकंदांनी ताडाच्या झाडासारखा सुळका उभा राहत होता.

दुसऱ्या पानावर तापमान लिहिले. खेळ चालू असताना प्रोसेसर ९८ अंशांवर! इंटेलच्या त्या आय-५ प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. मर्यादा जवळ आली की जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. ३.८ गिगाहर्ट्झवर चालणारा हा गडी दोनच्याही खाली घसरत होता. कॅबिनेटचे झाकण काढले तर आत महामार्गाची धूळ गोधडीसारखी बसलेली. पंख्याच्या खालच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांत तर बोट फिरवायलाही जागा नव्हती. वीज बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारला. पाती का धरायची, तर हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरून खराब होऊ शकतो. मग चार खुंट्या सोडवून पंखा उचलला, खालची वाळून खडू झालेली पेस्ट पुसली आणि अडीचशे रुपयांची नवी थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी लावली. तापमान ७२ वर आले. आलेखाची सगळी रेषा खाली बसली.

सुळके मात्र तसेच!

तिसऱ्या पानावर रॅम. संगणकात ८ जीबीची एकच पट्टी होती आणि खेळ चालू असताना ती काठोकाठ भरलेली दिसे. रॅम भरली की विंडोज जास्तीचा माल हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. घरात जागा नाही म्हणून धान्याचे पोते शेजाऱ्याकडे ठेवावे, आणि चूल पेटल्यावर आणायला पळावे, तसलाच हा प्रकार. शिवाय एका पट्टीपेक्षा दोन सारख्या पट्ट्या असल्या तर प्रोसेसर दोन्हींतून एकाच वेळी माल घेतो. भाच्याने सतराशे रुपयांत तशीच दुसरी पट्टी आणून दिली. (तेव्हाचा भाव सांगतो आहोत. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार भडकले आहेत. आधी चौकशी करावी.) सुळके निम्म्याने कमी झाले. निम्मे राहिले. आमचा धीर सुटू लागला होता, आणि मुलाची आई तर उघडच म्हणाली, “अडीचशे, मग सतराशे. आता पुढे?”

पुढचा रविवार. धो धो पाऊस. भाचा मोटारसायकलवर बोईसरहून स्वतःच्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, रेनकोटच्या आत पोटाशी धरून घेऊन आला. आमचे कार्ड काढले, त्याचे बसविले. खेळ लावला. सुळके होते तिथेच होते. आमचे कार्ड त्याच्या घरी नेऊन लावले, तर तिकडे खेळ लोण्यासारखा चालला. म्हणजे कार्ड निर्दोष. दुकानदाराचे ऐकून पंधरा हजार घातले असते तर ते पाण्यात गेले असते.

ज्याच्यावर संशय तो भाग दुसऱ्या चालत्या संगणकात लावून पाहणे, यापेक्षा खात्रीची तपासणी नाही. ओळखीत कोणाकडे संगणक असेल तर भीड न बाळगता विचारावे.

आवाज कोणी ऐकला

खरा दोष सापडला तो कोणत्याही प्रोग्रॅमने नव्हे. तो सापडला मुलाच्या आईला.

संगणक ठेवला आहे त्या भिंतीच्या पलीकडे आमचे स्वयंपाकघर. भाचा कपाळाला हात लावून बसला असता ती चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, “ते कट्-कट् वाजतं त्याचं काही केलंत का?”

“कसलं कट्-कट्, मामी?”

“रोज संध्याकाळी. आधी त्या डब्यात कट्-कट् वाजतं, मग हा ओरडतो. मी भाकऱ्या करताना ऐकते ना.”

आधी आवाज, मग ओरडणे! आम्ही तिघे पुरुष कानाला हेडफोन लावून दोन महिने पडद्याकडे पाहत होतो. भाचा म्हणाला, “मामी, हे आधी का नाही सांगितलं?” ती म्हणाली, “मला कोणी विचारलं?”

भाच्याने ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचा आणखी एक फुकटचा प्रोग्रॅम उघडला. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते, ती हा प्रोग्रॅम वाचून दाखवितो. निळा रंग म्हणजे प्रकृती चांगली. आमचा चौकोन पिवळा होता. त्याखालच्या यादीत ०५ आणि सी-५ या दोन ओळी पाहायच्या. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे ज्यांच्या जागी राखीव जागा वापरली ते कप्पे. सी-५ म्हणजे जे वाचता येत नाहीत आणि निर्णयाची वाट पाहत पडून आहेत ते. ही दोन्ही शून्य असावीत. आमची सी-५ दोनशेच्या वर होती. (हे आकडे सुरुवातीला सोळांच्या पद्धतीत दिसतात; सेटिंगमध्ये दहांची पद्धत निवडावी, नाही तर उगाच गोंधळ होतो.) आणखी एक ओळ होती, डिस्क एकूण किती तास चालली त्याची. एकतीस हजार तास! अहोरात्र चालवली तरी साडेतीन वर्षांहून अधिक. आमच्याकडे येण्यापूर्वी ती कुठल्यातरी कार्यालयात रात्रंदिवस राबली असणार. घेताना हे पाहायचे असते, हे आम्हांस कुठे ठाऊक होते?

आता उलगडा झाला. हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, आमचीत मिनिटाला ७,२०० वेळा. त्यांच्यावरून केसाहूनही कितीतरी कमी अंतर राखून वाचणारे टोक तरंगते. असल्या खेळात गाडी जसजशी पुढे जाते तसतसे पुढचे रस्ते, इमारती, माणसे डिस्कवरून आणावी लागतात. एखादा कप्पा खराब निघाला की डिस्क हार मानत नाही. पुन्हा पुन्हा टोक फिरवून वाचायचा प्रयत्न करीत राहते, कधी कधी कित्येक सेकंद. तोवर खेळ थांबतो, आवाज अडकतो, सगळे तिची वाट पाहतात. रॅम वाढविल्यावर निम्मा फरक का पडला, तेही कळले. डिस्ककडे जाण्याच्या खेपा कमी झाल्या होत्या, एवढेच. कार्ड, प्रोसेसर, रॅम हे सारे दोन महिने त्या मरणासन्न डिस्कच्या दारात ताटकळत उभे होते.

भाचा उठला आणि त्याने संगणक बंद केला. “आता एक मिनिटही गेम नाही. मामा, यात काय काय आहे?”

तेव्हा आमच्या पोटात गोळा आला.

त्या डिस्कवर आमच्या आईचा आवाज होता. २०१८ आणि २०१९ मध्ये धाकटीने हट्ट करून आजीकडून जात्यावरच्या ओव्या आणि जुन्या आठवणी मोबाईलवर टिपून घेतल्या होत्या. एकूण अकरा फायली. मोबाईल भरला म्हणून २०२१ मध्ये त्या संगणकात टाकल्या. तो मोबाईल पुढे पाण्यात पडून गेला. आणि २०२२ मध्ये आई गेली. दुसरी प्रत कुठेच नव्हती. दोन महिने आमचा मुलगा सांगत होता की काहीतरी बिघडले आहे, आणि आम्ही त्याला पुस्तक उघडायला सांगत होतो! पाचशे रुपयांच्या त्या फॉरमॅटने तर एका तासात सगळे पुसून निघाले असते.

येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण ही वेळ कोणावरही येऊ शकते. डिस्क कटकटू लागली की ती दुरुस्त करण्याचा प्रोग्रॅम तिच्यावर चालवू नये, डीफ्रॅग करू नये, खेळ तर मुळीच नको. तिचे उरलेले आयुष्य फक्त माल बाहेर काढण्यासाठी वापरावे, आणि तेही सर्वांत मोलाचा माल आधी. फ्रीजमध्ये ठेवली की चालते वगैरे ऐकीव उपाय करू नयेत. आत ओल धरते. डिस्क उघडून तर कधीच पाहू नये, धुळीचा एक कण तिला पुरतो. आवाज सारखाच येऊ लागला किंवा डिस्क दिसेनाशीच झाली, तर हात न लावता जाणत्याकडे द्यावी.

आमची अजून दिसत होती. भाच्याने ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि आधी फक्त त्या अकरा फायली उचलल्या. नऊ आल्या. दोन अडल्या. मग मुलांच्या दाखल्यांच्या प्रती, फोटो, थोरल्याच्या नोट्स. शेवटी त्याने लिनक्सवर चालणारा ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम लावला. हा प्रोग्रॅम हुशार आहे. आधी जे सहज वाचता येते ते सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो, अडलेल्या जागा मागे ठेवतो, आणि मग एकेका अडलेल्या जागेकडे पुन्हा पुन्हा जातो. कुठवर आला त्याची नोंद एका फायलीत ठेवतो. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली तेव्हा आमच्या काळजात धस्स झाले. पण वीज आल्यावर तो थांबला होता तिथूनच पुढे निघाला. त्या रात्री घरात कोणी झोपले नाही. धाकटी तर आकड्यांकडे टक लावून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दहावी फाईल पूर्ण मिळाली. अकरावी वाजते, पण सव्वाचार मिनिटांनी थांबते.

नवी डिस्क

नव्या डिस्कसाठी थोरला आणि आम्ही दोघे ग्रँट रोडला गेलो. मनोरहून पालघर स्टेशन, तिथून लोकल, दादरला गाडी बदलली. लॅमिंग्टन रोडला आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव आहे, पण संगणकाच्या बाजाराला सगळे जुन्याच नावाने ओळखतात. तिथे पाच दुकानांत भाव विचारावा आणि जीएसटीचे बिल घेतल्याशिवाय हलू नये. वॉरंटी त्या कागदावरच मिळते. आम्ही ५०० जीबीची एसएसडी ३,४०० रुपयांना घेतली. एसएसडीत फिरणारे काही नसते, सगळे चिपांवर. फिरत्या डिस्कला इकडून तिकडे टोक नेऊन एक कप्पा वाचायला दहाबारा मिलिसेकंद लागतात. हिला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी. वर पाहिलेले १६.७ मिलिसेकंदांचे गणित आठवा, म्हणजे या फरकाचे मोल कळेल.

आणखी वेगवान, पट्टीसारख्या दिसणाऱ्या ‘एम डॉट टू’ डिस्कही मिळतात. पण त्यासाठी मदरबोर्डवर जागा हवी, आणि ती जागा कोणत्या जातीची पट्टी घेते हे पुस्तिकेत पाहूनच घ्यावी. बसते ती चालतेच असे नाही. आम्ही साधी साटाची घेतली. जुनी वायर, जुनी जागा, चार स्क्रू. बसविण्यापूर्वी वीज पूर्ण काढून कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. बसविली थोरल्यानेच. आम्ही बॅटरी धरून उभे होतो.

विंडोज पेन ड्राइव्हवरून नव्याने टाकली, जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत टाकली नाही. खराब फायली पुन्हा कशाला आणायच्या? खेळ लावला. गाडी वळणावर आली आणि वळली. आलेखात रेषा सपाट. थोरल्याने काही न बोलता आमच्याकडे पाहिले. “पंधरा दिवस तुझं ऐकलं असतं तर...” असे आम्ही म्हणू लागलो, पण तो पुन्हा पडद्याकडे वळला होता. एकूण खर्च ५,३५० रुपये आणि गाडीभाडे.

आता हे खरे की सगळ्यांच्या संगणकात डिस्कच दोषी नसते. काही वेळा दोष अशा जागी असतो की कोणताही भाग बदलून उपयोग नसतो. याचे मोठे उदाहरण एएमडी कंपनीचे. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिला टीपीएम नावाची सुरक्षेची सोय लागते, म्हणून पुष्कळांनी ती संगणकात चालू केली. त्यानंतर कित्येकांचे रायझन प्रोसेसरचे संगणक मधूनच क्षणभर गोठू लागले. लोकांनी रॅम बदलली, कार्डे बदलली. मार्च २०२२ मध्ये कंपनीनेच मान्य केले की ही सोय मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपशी व्यवहार करताना रेंगाळते आणि संगणक तेवढा वेळ थांबतो. मे २०२२ पासून मदरबोर्ड कंपन्यांनी बायोसची सुधारित आवृत्ती द्यायला सुरुवात केली. इलाज फुकट होता!

तसेच नव्या खेळांचे. पुष्कळ नवे खेळ पडद्यावर एखादी गोष्ट पहिल्यांदा दाखविताना तिची चित्रविद्या त्याच क्षणी कार्डासाठी तयार करतात, आणि तिथे गचका बसतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेला ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’ हा खेळ याच कारणाने महागड्या संगणकांवरही अडखळला आणि सुधारणा लगेच द्यावी लागली. ओळखायची खूण सोपी: त्याच जागेवरून दुसऱ्यांदा गेल्यावर गचका बसला नाही, तर दोष तुमच्या संगणकाचा नाही. आमच्याकडे तो दुसऱ्यांदा, दहाव्यांदाही बसत होता.

वापरलेले कार्ड घेणाऱ्यांनीही जपावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांवर चलन ‘खणण्याचा’ तो धंदा संपला आणि वर्षानुवर्षे तापत राहिलेली कार्डे जुन्या बाजारात आली. पंख्यांचा आवाज ऐकून, अर्धा तास खेळ चालवून, मगच पैसे द्यावेत. आणि विंडोज १० वर असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा आधार संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा जुन्या यंत्रात महागडे कार्ड घालणे आम्हांस तरी शहाणपणाचे वाटत नाही. एसएसडी घालावी; ती उद्या दुसऱ्या संगणकातही लावता येते.

थोरला बारावी झाला. भाच्याची वही त्याने परत दिली नाही; पालघरहून मित्र डबे घेऊन येतात, तेव्हा तो ती उघडून आधी तारीख टाकतो. आईच्या ओव्या आता आमच्या संगणकात, भाच्याच्या बोईसरच्या घरी एका डिस्कवर आणि धाकटीच्या मोबाईलवर अशा तीन ठिकाणी आहेत. जुनी डिस्क आम्ही भंगारात दिली नाही, कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. अकराव्या फायलीतले उरलेले बोल कदाचित तीत असतील. मुंबईत अशा डिस्कमधून माल काढून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पण खर्च मोठा येतो. धाकटी रोज विचारते. आम्ही अजून ठरविलेले नाही.